झाडांच्या कामासाठी जुनी फोर बाय फोर गाडी कशी निवडावी?

प्रश्न असा आहे: दापोली-मंडणगड भागात चार गड्यांची टोळी घेऊन झाडांची कामं करतो. घरावर झुकलेली झाडं तुकड्यातुकड्याने उतरवणं, वाळक्या फांद्या काढणं, जुन्या हापूस कलमांची छाटणी. आजवर भाड्याच्या टेम्पोवर भागवलं. आता पाच लाखांच्या आसपास जुनी फोर बाय फोर घ्यायची आहे. बोलेरो कॅम्पर, टाटा झेनॉन की लष्कराच्या लिलावातला ट्रक? पुढेमागे चिपरही (फांद्यांचा भुगा करणारं यंत्र) ओढायचा आहे.

आधी सरळ उत्तर देतो. डबल केबिनची बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर, चासी शाबूत असलेली, मिळेपर्यंत थांबा. झेनॉन खरोखर चांगली हाती लागली तर घ्या. लष्करी ट्रक तुमच्या कामाला नको. पण मॉडेल ही निवडीतली शेवटची पायरी आहे. जुन्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, क्लच प्लेट तालुक्याच्या गावात एका दिवसात बसवून मिळते. सडलेली चासी आणि खोटे कागद यांना मात्र इलाज नाही. म्हणून मी जुनी गाडी बघायला गेलो की बॉनेट सगळ्यात शेवटी उघडतो.

गाडी निवडण्याआधी तुमचा माल काय आहे ते बघू. तो दोन प्रकारचा असतो आणि दोन्ही प्रकार फसवतात. पाल्यासकट फांद्या भरल्या की हौदा काठोकाठ दिसतो, वरून ताडपत्री पुरत नाही, पण वजन दोन-तीनशे किलोच्या पुढे क्वचित जातं. ओंडक्यांचं बरोबर उलट. ओलं लाकूड घनमीटरला नऊशे ते हजार किलोच्या घरात असतं. आंब्याचा अर्धा मीटर जाडीचा आणि दोन मीटर लांबीचा एक ओंडका घ्या. तो साधारण ०.४ घनमीटर, म्हणजे साडेतीनशे ते चारशे किलो झाला. कॅम्परची वहनक्षमता साधारण एक टन. त्यातून चेनसॉ, दोर, पुल्या, शिडी, पेट्रोल-ऑइलचे कॅन यांचे दीडशे किलो वजा करा. दोन ओंडके टाकले की गाडी भरली, तिसरा टाकला की ओव्हरलोड. पण हौदा रिकामाच दिसतो! तळ जेमतेम झाकलेला असतो, आणि घरमालक म्हणतो, "अजून चार सहज बसतील, दुसरी खेप कशाला?" तिथे हो म्हणालात की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), मागचं हाऊसिंग (अ‍ॅक्सलचं कवच) आणि घाटात ब्रेक, तिघांचीही उमर त्या दिवसापासून कमी होते.

यावर माझं ठाम मत असं की ओंडके आपण वाहूच नयेत. वखारवाल्याला बोलवावं, त्याने आपल्या ट्रकने आणि आपल्या कागदांवर लाकूड न्यावं. यात नुसता वजनाचा प्रश्न नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ अशी आपल्याकडची रोजची झाडं आहेत; ती तोडायला परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक पास. बिनपासाचं लाकूड नाक्यावर सापडलं तर लाकडाबरोबर गाडीही अडकते, आणि ऐन हंगामात टोळी घरी बसते. तुमच्या गाडीने माणसं, अवजारं आणि फांद्या न्याव्यात. हे एकदा ठरवलं की मोठ्या ट्रकची गरजच उरत नाही आणि निवड सोपी होते.

डबल केबिन मी हट्टाने सांगतो. हौदा लहान होतो हे खरं, पण सिंगल केबिनमध्ये चालकाशेजारी दोघे बसतात आणि बाकीचे मागे फांद्यांच्या ढिगावर. हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय उघड्या हौद्यात चेनसॉ, कोयते आणि सुटे ओंडके यांच्याबरोबर माणूस बसवणं म्हणजे पहिल्याच जोराच्या ब्रेकला त्याचा जीव टांगणीला लावणं. दिवसभर दोरावर लटकून दमलेला गडी संध्याकाळी त्या ढिगावर डुलक्या घेत असतो. त्याला आत, पाठ टेकून, पट्टा लावून बसू द्या.

आता फोर बाय फोर बघू. ही कशासाठी हवी हे नीट ठरवा, नाहीतर नको त्या गोष्टीचे पैसे मोजाल. या जुन्या गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसतं. फोर लावली की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलकडे जोर नेणारे दांडे) एकमेकांशी जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून फरक भागवतात, डांबरावर घसरायला जागा नसते आणि तो ताण ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी गिअरची पेटी) आणि जॉइंटवर येतो. म्हणून कोरड्या डांबरावर फोर लावायची नाही. दुसरं असं की पुढचं एक चाक आणि तिरक्या कोपऱ्यातलं मागचं एक चाक हवेत गेलं, तर साध्या डिफरन्शियलमध्ये तीच दोन गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. तिसरं, फोर बाय फोरमुळे गाडी चढते चांगली, थांबत मात्र अजिबात लवकर नाही. ओल्या जांभ्यावर, शेवाळलेल्या उतारावर ब्रेकला तीच चार चाकं असतात जी साध्या टेम्पोला असतात.

मग उपयोग कशाचा? लो रेंजचा. ट्रान्सफर केसमधला तो छोटा गिअर वेग साधारण अडीचपट कमी करतो आणि जोर तेवढाच वाढवतो. वाडीत उतरणारी कच्ची घाटी, दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये पावसाने उघडी पडलेली खडी आणि शेवटी काटकोनात वळण. तिथे लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये ब्रेकला जवळजवळ हात न लावता गाडी माणसाच्या चालीने उतरते, आणि येताना क्लच न जाळता चढते. झाडांच्या कामाला फोर बाय फोर हवी ती एवढ्यासाठी. ज्या गाडीची लो रेंज अडखळते ती फोर बाय फोर म्हणून विकत घेऊ नका, तिला साध्या पिकअपचा भाव द्या.

तपासणी कशी करायची? मैदानात किंवा शेतात न्या. फोरची हाय रेंज लावा, मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये लो लावा. लिव्हर असेल तर तो कुरकुर न करता बसला पाहिजे; बटण असेल तर दिवा लुकलुकत न राहता स्थिर झाला पाहिजे. झेनॉन आणि स्कॉर्पिओ गेटअवेमध्ये बटण आहे. बटण वापरायला सोयीचं, पण वर्षानुवर्षं कोणी दाबलेलं नसेल तर आतली मोटर अडकलेली असते. मग लो लावून पहिल्या गिअरमध्ये हळू चालवा आणि सोबतच्या माणसाला बाजूने चालत खाली बघायला सांगा. दिव्यावर विश्वास नको. पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरला पाहिजे आणि पुढच्या चाकांनी माती ओढली पाहिजे. डिझेल वाचावं म्हणून पुढचा शाफ्ट काढून घरी ठेवणारे मालक भरपूर आहेत. "शाफ्ट आहे, देतो ना," असं म्हणाले तर आधी बसवून दाखवायला सांगा. नुसता शाफ्ट हरवलेला आहे की पुढचं डिफरन्शियल फुटल्यामुळे काढला आहे, हे बसवल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर दोन्ही हाऊसिंगचा ऑइल भरायचा बोल्ट उघडून बोट आत घाला. ऑइल काळपट असेल तर चालेल. दुधाळ, चहाच्या रंगाचं असेल तर आत पाणी गेलेलं आहे, म्हणजे गाडी नदी-ओढ्यातून नेली आणि नंतर कोणी ऑइल बदललं नाही. बोट उन्हात धरा. चमचमणारा भुगा दिसला तर क्राउन-पिनियन (आतले दातेरी गिअर) झिजलं आहे. पुढच्या चाकांमागचे रबरी बूट फाटलेत का, स्टिअरिंग पूर्ण कापून फिरवताना टकटक येते का, तेही बघा. एवढ्याला अर्धा तास पुरतो, आणि विकणारा जर या अर्ध्या तासाला कंटाळला तर तेवढंही उत्तर पुरेसं आहे.

चासीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण किनारपट्टीवर जुनी पिकअप मरते ती चासीने. खारी हवा हळूहळू खाते, पण एक प्रकारची गाडी झपाट्याने सडते: मासळी वाहिलेली. बर्फ, मीठ आणि माशाचं पाणी हौद्याच्या फटींतून रोज चासीवर टपकत राहतं, आणि ते वरून दिसत नाही. हर्णै, दाभोळ अशा बंदरांकडून आलेली स्वस्त पिकअप बघताना हा प्रश्न पहिला विचारा. उत्तर गोलमाल आलं तर हौद्याच्या फळ्यांचा आणि सांध्यांचा वास घ्या, तो अनेक धुण्यांनंतरही जात नाही. मासळीची गाडी कितीही स्वस्त असली तरी मी घेणार नाही आणि तुम्हालाही घेऊ देणार नाही.

आता गाडीखाली गोणपाट टाकून झोपा. हातात बॅटरी आणि छोटी हातोडी घ्या. मागच्या पाट्याचा पुढचा ब्रॅकेट जिथे चासीला रिवेटने बसवलेला असतो, तिथून सुरुवात करा. हातोडीने हलकेच ठोकत मागे या. निरोगी चासी खणखणीत वाजते. जिथे आवाज बोदा येतो तिथे पत्रा आतून सुटला आहे. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. पापुद्रे निघाले तर पुढे बघायची गरज नाही. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर चासी कमान घेते. ओव्हरलोड गाडीला केसासारखी बारीक भेग तिथे पडते, आणि ती तांबड्या गंजाच्या रेषेने ओळखू येते. वेल्डिंग करून वर पट्टी मारलेली असेल तर ती सोडून तिच्या दोन्ही टोकांकडे बघा, कारण पुढची भेग पट्टीच्या टोकाशी पडते. आणि सगळ्या खालच्या बाजूला नुकताच काळा डांबरी कोट मारलेला असेल तर हातोडी दुप्पट वेळा चालवा. विकायच्या आठवड्यात चासीची काळजी घेणारा मालक काहीतरी झाकत असतो.

पाटे मोजा. कंपनीच्या पाट्यांवर दोन-तीन जादा पाटे टाकलेले असतील तर गाडीने क्षमतेच्या वर माल ओढला आहे. जादा पाट्यांनी गाडी मागून खाली बसत नाही, पण चासी, हाऊसिंग आणि ब्रेक तेच राहतात, आणि मालकाला ओव्हरलोड दिसेनासा होतो.

ब्रेकसाठी मोकळ्या घाटात न्या, हौद्यात चार-पाचशे किलो टाकून. उताराच्या शेवटी पेडल पहिल्यापेक्षा खोल जाऊ नये, वास येऊ नये, गाडी एका बाजूला ओढू नये. मागच्या अ‍ॅक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा वाल्व अनेक पिकअपना असतो. त्याची काडी तारेने बांधून ठेवलेली दिसली तर सरळ करून घ्या.

इंजिनावर थोडक्यात. थंड इंजिन स्वतः सुरू करा, तुम्ही पोहोचण्याआधी गरम करून ठेवलेलं नको. कॅम्परचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन मंद आहे, घाटात झेनॉनचं २.२ लिटरचं डायकॉर त्याला सहज मागे टाकतं, ताकद जवळजवळ दुप्पट. तरी मी कॅम्परकडे झुकतो, कारण बोलेरोचा सुटा भाग आणि बोलेरो जाणणारा मिस्त्री कोकणात दर दहा-पंधरा मैलांवर सापडतो. झेनॉन २००९ मध्ये आली, पण फोर बाय फोर झेनॉन रस्त्यावर नेहमीच कमी होत्या, त्यामुळे पुढच्या अ‍ॅक्सलचा एखादा भाग मागवून वाट बघत बसावं लागतं. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ पासून आहे, गाडी उत्तम, पण तुमच्या पैशात बसली तर का बसली याचाच संशय घ्यावा लागेल. जिप्सी हलकी आणि चढायला तरबेज, मात्र पाचशे किलोत तुमची माणसं आणि सामानच जेमतेम बसतं.

लष्करी ट्रकचं आकर्षण मी समजू शकतो. शक्तिमान म्हणजे जबलपूरला बनलेला, जर्मन ‘मान’ कंपनीच्या घराण्याचा ट्रक, १९९६ पर्यंत निघाला. नंतर अशोक लेलँडचा स्टॅलियन. डोंगरात दोन्ही अजोड. पण तुमच्या वाडीच्या पाणंदीत तो शिरणार कसा? गडगे पाडत जाल काय? शिवाय साडेसात टनांवरच्या गाडीला जड वाहनाचा परवाना असलेला चालक लागतो. तुमचा हलक्या वाहनाचा परवाना त्या मर्यादेपर्यंतच चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि लष्करातून निघालेल्या गाडीची नागरी नोंदणी करताना लष्करी अधिकाऱ्याचं नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. दलालाच्या चिठ्ठीवर आरटीओ नोंदणी करत नाही.

कागदांत इतरही खाचा आहेत. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या बाजूने बांधून येणाऱ्या जीप-पिकअप दिसायला राजबिंड्या असतात. पण आरसीवर साधी जीप आणि प्रत्यक्षात लांबवलेली चासी, दुसरं इंजिन, नंतर बसवलेलं फोर बाय फोर असं असेल तर हात लावू नका. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात झटकते. कोणी "वनखात्याची जुनी गाडी, लिलावात घेतली" म्हणाला तर साल बघा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालवता येत नाही, त्या भंगारातच जायला हव्यात. चासी नंबरचा ठसा स्वतः घासून वाचा आणि आरसीशी ताडून बघा. बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी पिवळ्या पाटीची हवी, आणि तिचा खर्च धरताना दोन गोष्टी मोजा: आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे, आणि पासिंग दरवर्षी करावं लागतं.

चिपर ओढण्याबद्दल. चिपर ज्या ट्रेलरवर बसतो त्याचीही स्वतंत्र नोंदणी लागते, आणि बिनब्रेकचा जड ट्रेलर मागे लावून आंबेनळीसारखा घाट उतरणं मी कोणालाही सुचवणार नाही. तुमची कलमांची कामं एकाच पंचक्रोशीत असतील तर चिपर ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालवणारा शेतकरी गाठा आणि दिवसाच्या भाड्याने आणा. बागेतल्या फांद्यांचा भुगा तिथेच आळ्यात पसरला जातो, तो वाहायचा प्रश्नच राहत नाही.

आणि गाडीने झाड ओढण्याबद्दल, कारण फोर बाय फोर आली की हा मोह पहिल्याच आठवड्यात होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत एकमेकांवर आडवी पडलेली झाडं उपसताना हा प्रकार मी पुष्कळ पाहिला: दोर बंपरला, चालकाचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि खोड कुठल्या बाजूला दाबून बसलं आहे याचा पत्ता नाही. ताणलेला दोर तुटला की चाबकासारखा परत येतो. उभं झाड ओढताना तर ते विरुद्ध बाजूला कललं की गाडीलाच घेऊन जातं. ओढ द्यायची तर हाताने चालवायचा टिरफोर (दांड्याने तारदोर ओढणारं यंत्र) घ्या. त्यात जोर हळू वाढतो, जागच्या जागी धरून ठेवता येतो, आणि ओढणारा माणूस झाडाकडे बघत असतो. गाडीचा आधार घेणं भागच पडलं तर दोर चासीला बोल्टने बसवलेल्या हुकाला, चारही चाकांना ठोकळे, आणि दोराची लांबी झाडाच्या उंचीच्या निदान दीडपट.

पैशांची वाटणी अशी करा: चार लाखांच्या आत गाडी, लाखभर हातात. गाडी घरी आली की इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हाऊसिंग यांचं ऑइल बदला, मागच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. मोठ्या नक्षीचे, फार रुंद नसलेले टायर चारही एकाच मापाचे आणि एकाच झिजेचे घ्या. पुढे-मागे वेगळे टायर असले की फोर लावल्यावर ट्रान्सफर केसवर सतत ताण राहतो. केबिनच्या मागे छतापर्यंत लोखंडी जाळी बसवा, अँगल चासीपर्यंत नेऊन, म्हणजे ब्रेक लागल्यावर सरकणारं लाकूड मागच्या सीटवरच्या गड्यांच्या पाठीत शिरणार नाही. हौद्याचे फाळके तिन्ही बाजूंनी उघडतील असे करून घ्या. पेट्रोलचे कॅन आणि चेनसॉ यांच्यासाठी कुलपाची, हवा खेळती राहील अशी पेटी हौद्यातच ठेवा, माणसांच्या केबिनमध्ये नाही. लो रेंज मात्र दर पंधरा दिवसांनी एकदा मातीत लावून थोडं अंतर चालवत जा, काम असो वा नसो. नाहीतर पावसात गरज पडेल तेव्हा ती बसणार नाही.